त्सुकुबाला नेलेली नवमी

आमच्या बिल्डिंगमधल्या मराठी बायका संकष्टीला चंद्राची वाट बघत उपाशी बसायच्या आणि चंद्र कधीचाच वर आलेला असायचा. कारण फ्रिजला लावलेलं कॅलेंडर पुण्यात छापलेलं. त्यावर चंद्रोदयाची जी वेळ असेल ती खरी. बाहेर खाडीवर चंद्र लोंबतोय, पोरं बोट दाखवतायत, पण या म्हणणार, अजून वेळ व्हायचीय. मी एकदा चौथ्या मजल्यावरच्या बाईंना म्हटलं, "अहो, तो काय वर. आणखी कोण यायचंय?" त्या म्हणाल्या, "काका, तुम्हाला नाही कळायचं."

नाही कळायचं, ते खरंच. मी चौथी शिकलेला. पुण्यात महापालिकेत पाण्याच्या चाव्या फिरवायची नोकरी केली. कोणत्या पेठेला किती वाजता पाणी सोडायचं ते साहेब सांगायचे, मी सोडायचो. बायको गेली आणि मुलगा मला जपानात उरायासुला घेऊन आला. तो कावासाकीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. तेव्हा आपल्याकडची खूप पोरं इकडे येत होती. उरायासुत भाड्याच्या घरांतून सगळी आपलीच माणसं, लिफ्टमध्ये फोडणीचा वास. मला पुण्यात एकट्याला राहता आलं असतं. पण मुलाला वाटलं, नाही राहता येणार. वाद घालायची ताकद नव्हती, म्हणून विमानात बसलो.

बायकोचं वर्षश्राद्ध पुण्याला जाऊन करून आलो. त्यानंतर आली ती तिची पहिली अविधवा नवमी. पितृपंधरवड्यातली ही नवमी नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची. त्या दिवशी एखादी सवाष्ण तिच्या जागी जेवायला बसवायची, पोटभर वाढायचं, ओटी भरायची. माझ्या आईची नवमी माझी बायको करायची, लग्न होऊन आली तेव्हापासून. दर वर्षी त्या सवाष्णीला नमस्कार करून झाला की म्हणायची, "मलाही असंच जायचंय. तुमच्या आधी." बायका हे देवाकडे मागून घेतात. मागे राहिलेल्या माणसाने काय करायचं, ते कोणी विचारत नाही. तिला हवं ते मिळालं. मी अजून चिडलेला आहे.

घरात सूनबाई होती. लग्नासाठी तिने बी.एस्सी. अर्धी सोडली होती. ती अर्धी इथे कुणी धरली नाही. मग जपानी शिकली, आणि घराजवळच्या दोन वर्षांच्या कॉलेजात पहिल्यापासून बसली, दहा-दहा वर्षांनी लहान पोरींच्या शेजारी. तिथून पुढे मोठ्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता येतं. तिला गणित करायचं होतं. का, ते मी कधी विचारलं नाही. कुणाला भजन आवडतं, कुणाला तमाशा. हिला गणित.

मुलाने तिला स्वच्छ सांगितलं होतं, "होतं ते आईच्या दवाखान्यात गेलं. पुढची फी माझ्याच्याने होणार नाही." खोटं बोलत नव्हता. तिने भांडी जरा जोरात घासली.

मग कॉलेजातून एक कागद आला. दोन वर्षांच्या कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांसाठी गणितावर बोलायची स्पर्धा, त्सुकुबाला. त्सुकुबा म्हणजे शास्त्रज्ञांसाठी वसवलेलं गाव. पहिला येईल त्याला पुढच्या दोन वर्षांची शिष्यवृत्ती. अट अशी की फळा नाही, खडू नाही, समीकरण लिहायचं नाही. फक्त तोंडाने बोलायचं, आणि हातात धरून दाखवता येईल अशी एखादी वस्तू चालेल. ज्याला गणित येत नाही त्याला समजलं पाहिजे.

सूनबाई मला म्हणाली, "बाबा, तुम्ही ऐकाल का? तुम्हाला समजलं तर परीक्षकांनाही समजेल."

"म्हणजे मी तुझा गाढव," मी म्हटलं.

"नाही हो बाबा."

"अगं असू दे. गाढवाला दुसरं काम काय आहे? बोल."

तिचा विषय तिथी. इंग्रजी तारीख एका जागी बसून असते आणि आपले सण पुढे-मागे का पळतात, हे तिला जपानी लोकांना सांगायचं होतं. त्यांच्याकडेही पूर्वी चंद्राचे महिने होते म्हणे, मग सोडून दिले. जपानीत बोलायच्या आधी ती मराठीत बोलून बघायची. मी सोफ्यावर, ती टीव्हीच्या पुढ्यात, हातात भिंतीवरचं घड्याळ काढून घेतलेलं. छोटा काटा सूर्य. मोठा काटा चंद्र. मोठा पळतो, छोटा रांगतो. दोघं एकावर एक आले की अमावस्या. मोठा पुढे सरकला, दोघांत एक ठरावीक फट पडली, की एक तिथी संपली. आणखी तेवढी फट, दुसरी संपली.

"समजलं?"

"समजलं. पण चंद्राला एवढी घाई कसली?"

"बाबा, ते वेगळं गणित आहे."

"मग ते विचारतील. मी विचारलं म्हणजे कोणीही विचारेल."

ती कपाळाला हात लावून हसली, आणि लिहून घेतलं. अशी ती रोज बोलायची. मुलगा ऑफिसातून येईपर्यंत आमचं हेच. बायको गेल्यापासून घरात कुणी माझ्याशी इतकं सलग बोललं नव्हतं. पण ते बोलणं माझ्यासाठी नव्हतं, हेही मला ठाऊक होतं.

कॅलेंडरात नवमी शुक्रवारची. स्पर्धा शनिवारी. सगळं सरळ बसलं होतं. मुलाने साहेबांच्या हातापाया पडून शुक्रवारची रजा काढली. सवाष्ण म्हणून चौथ्या मजल्यावरच्या बाईंना सांगून झालं. उडदाची डाळ भिजत घालायची तेवढी बाकी होती.

बुधवारी जेवताना सूनबाईने घास तसाच हातात धरला आणि म्हणाली, "बाबा, एक घोटाळा झालाय."

"मीठ जास्त पडलंय का?" मुलगा म्हणाला.

"अरे, मीठ नाही. नवमी."

ती नवऱ्याला अरे म्हणते. आमच्या घरात असं कोणी म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा चहा सांडला होता. आता सवय झालीय.

झालं होतं असं. भाषणात एक खरं उदाहरण पाहिजे म्हणून तिने सासूच्या नवमीचंच घेतलं. कॅलेंडरात तिथी किती वाजता संपते ते बारीक अक्षरात छापलेलं असतं. त्यावरून तिने इथली वेळ काढली. तिथी बदलते तो क्षण सगळ्या जगाला एकच. पण दुपार ज्याची त्याची. पुण्यात शुक्रवारी भर दुपारी, पानं वाढायच्या वेळेला, नवमी लागते. म्हणून तिथे शुक्रवार. त्याच क्षणी उरायासुत दिवस कलायला आलेला असतो. म्हणजे इथल्या शुक्रवारच्या दुपारी अजून अष्टमीच. आणि श्राद्धाला धरायची असते ती दुपारची तिथी. इथली दुपार नवमीत सापडते ती शनिवारी.

"म्हणजे त्सुकुबाच्या दिवशी," मुलगा म्हणाला.

"हो."

"तुला हे मोजायला कुणी सांगितलं होतं?"

"उदाहरण पाहिजे होतं."

"अगं मग दिवाळी घ्यायची! आईची नवमीच कशाला? आणि मी शुक्रवारची रजा काढलीय, ती काय आता अष्टमीसाठी?"

मला हसू आलं. दाबलं.

सूनबाई शांतपणे म्हणाली, "मी नाही जात त्सुकुबाला. स्वयंपाक कोण करणार, वाढणार कोण? चौथ्या मजल्यावरच्या काकूही शनिवारी गावाला चालल्यात."

"पुढच्या वर्षी जा," मुलगा म्हणाला.

"पुढच्या वर्षी मी कॉलेजात नसेन."

ती न सांगता गप्प बसली असती तरी चाललं असतं. कॅलेंडर तिच्या बाजूने होतं. पुण्यातल्या कोणी कधी विचारलं नसतं. मला तर काय, कागदावर जे असेल ते.

मुलाने पुण्याला गुरुजींना फोन लावला, परदेशी फोनचं कार्ड खरवडून, त्यावरचा भला मोठा नंबर दाबून. स्पीकरवर टाकला. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कॅलेंडरात काय छापलंय?"

"शुक्रवार."

"मग शुक्रवारी करा."

सूनबाई पुढे होऊन म्हणाली, "पण गुरुजी, इथे दुपारी अष्टमी असेल ना?"

"ताई, मी आत्ता दुसऱ्या घरी पानावर बसलोय. जपानची दुपार मला विचारू नका. शुक्रवारी करा, देव समजून घेतो." फोन बंद.

मुलगा म्हणाला, "झालं. सुटला प्रश्न. शुक्रवारी नवमी, शनिवारी त्सुकुबा."

सूनबाईच्या तोंडावरून मला कळलं की प्रश्न सुटलेला नाही. ती म्हणाली, "शनिवारी मी उभी राहून सांगणार की आमच्या घरात ही तिथी आज आहे. आणि आदल्या दिवशी आम्ही उरकून मोकळे."

"कोण येतंय बघायला?"

"बाबा बघतील ना. त्यांना समजलंय सगळं."

आता मला त्यात ओढलं. मी पाणी प्यायलो. श्राद्ध-पक्षावर माझा विश्वास आहे असं नाही. मेलेलं माणूस येऊन वडे खातं, हे मला कधी पटलेलं नाही. पण माझ्या बायकोला पटायचं. ती तिच्या दिवशी येऊन बसायची आणि पान नसायचं, असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं आणि जाईना. शुक्रवारी आपण वाढून घासून ठेवलेलं, आणि शनिवारी ही दारात उभी. पुण्यात असताना लग्नाला गेली तरी वेळेच्या आधी जाऊन बसायची.

मी विचारलं, "त्सुकुबा जपानातच आहे ना?"

"म्हणजे?" मुलगा म्हणाला.

"तिथली दुपार आणि इथली दुपार एकच ना?"

सूनबाई म्हणाली, "एकच, बाबा."

"मग नवमी तिकडेच करू. डबे भरून नेऊ."

"बाबा, ते विद्यापीठ आहे. कुणाच्या तरी ओसरीवर चाललोय का आपण? आणि सवाष्ण कुठून आणायची तिथे?"

"हिच्या मास्तरीणबाई येणार आहेत ना बरोबर? त्यांचे मालक आहेत का?"

मुलाने चमचा ताटात टाकला. "बाबा, असं विचारत नाहीत इथे! इथे शेजाऱ्याचं वय विचारत नाहीत, तुम्ही नवरा जिवंत आहे का विचारताय!"

"मी कुठे विचारतोय? मला जपानी येतं का? तू विचार."

"मी मुळीच विचारणार नाही."

सूनबाई म्हणाली, "मी विचारीन." आणि हातातला घास एकदाचा खाल्ला.

रजा काढलेली होती म्हणून शुक्रवारी मुलगा घरीच होता. त्याला डाळ वाटायला बसवलं. दिवसभर मिक्सरवर चिडत होता. अळूची पानं मिळेनात. इकडे अळूचे गड्डे ढीगभर मिळतात, पानं कुठे जातात कोणाला माहीत. पालकावर भागवलं. शनिवारी सूनबाई पहाटे उठली. वडे, खीर, कढी, आमसुलाची चटणी, भात, सगळं डब्यांत. स्टीलचं एक ताट पिशवीत घातलं. खण माझ्याकडे होता, बायकोच्या ट्रंकेतला, मी येताना आणलेला. ओटीला नारळ नव्हता, म्हणून नाशी घेतलं. चिबा भागातलं हे फळ, दिसायला पिवळट सफरचंद, चावलं की नुसतं पाणी.

त्सुकुबाची वेगवान गाडी तेव्हा नवीनच सुरू झाली होती. डबे मांडीवर घेऊन आम्ही तिघं ओळीने बसलो. समोरची माणसं वासाने नाक हलवत होती, पण वर बघत नव्हती. सूनबाई ओठांतल्या ओठांत भाषण म्हणत होती. मुलगा खिडकीतून बाहेर बघत होता, आम्ही त्याचे कोणी नाही असा.

त्सुकुबाला रस्ते इतके रुंद की माणसं कमी वाटतात. सायकली मात्र पुण्यासारख्या. सभागृह मोठं, गार. दारावर चित्र लावलेलं, आत खायचं नाही. कुठल्याही भाषेत वाचता येईल असं चित्र.

मास्तरीणबाई दारातच भेटल्या. पन्नाशीच्या, बारीक, राखाडी कोट. सूनबाईने त्यांना बाजूला घेतलं आणि बराच वेळ काहीतरी सांगितलं. मी बघत होतो. बाईंनी आधी तोंडावर हात ठेवला. मग माझ्याकडे बघून कमरेत वाकल्या. मग आणखी काहीतरी विचारलं.

सूनबाई मराठीत म्हणाली, "बाबा, त्यांचे मिस्टर आहेत. पण नोकरीसाठी दुसऱ्या गावी एकटे राहतात. महिन्यातून एकदा येतात. त्या विचारतायत, एवढ्यावर चालेल का?"

"जिवंत आहेत ना?"

"हो."

"मग चालेल. आमच्याकडे अर्धं कोकण असंच राहायचं."

मुलगा तोपर्यंत लांब जाऊन एका झाडाची माहिती वाचत होता.

सकाळभर पोरं बोलत होती. एकाने कागदाच्या घड्या घालून दाखवल्या. एका पोरीने दुकानातल्या रांगांचं काहीतरी सांगितलं, लोक हसले. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. सूनबाई उभी राहिली तेव्हा घड्याळ हातात होतं. जपानीत बोलत होती, पण मला पुढे काय येणार ते माहीत होतं. आता काटे एकावर एक. आता फट. आता पुणे, आता उरायासु. मध्ये एकदा ती थांबली. तिथे थांबायचं नसतं, ते मला ठाऊक होतं. मग तिने माझ्याकडे हात केला आणि काहीतरी बोलली, सगळं सभागृह वळून माझ्याकडे बघायला लागलं. मी ताठ बसलो. मुलाने कानात सांगितलं, "ती म्हणाली, माझे सासरे विचारतात, चंद्राला एवढी घाई कसली." पुढच्या रांगेतला एक म्हातारा परीक्षक मोठ्याने हसला. त्यानेच शेवटी प्रश्न विचारला. तिने उत्तर दिलं, आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. मुलाने तो प्रश्न मला सांगितला नाही. मीही विचारला नाही.

दुपारी परीक्षक आत विचार करायला बसले. तेवढ्या वेळात आमची नवमी.

बाहेर झाडाखाली बाक होता. सूनबाईने बाईंच्या कपाळाला कुंकू लावलं, ओटी भरली. खण आणि नाशी मांडीवर घेऊन बाई अवघडून बसल्या. मग ताट. बाईंनी हात जोडून त्यांच्यातलं काहीतरी म्हटलं आणि जेवायला लागल्या. एक वडा संपला. मी म्हटलं, "वाढ." सूनबाईने दुसरा वाढला. तोही संपला. खीर संपली. "वाढ."

इथे घोळ झाला. आमच्याकडे सवाष्णीचं ताट रिकामं दिसता कामा नये. तिने हात आडवा करून "पुरे, पुरे" म्हणायचं, आपण तरी आग्रहाने एक घालायचा, आणि मग तिने थोडं पानात टाकून उठायचं. जपानी माणसाला लहानपणी शिकवतात की वाढलेल्यातलं शीत शिल्लक ठेवायचं नाही. ठेवलं तर करणाऱ्याचा अपमान. तेव्हा बाई संपवत होत्या आणि आम्ही वाढत होतो. कोणाचं काही चुकत नव्हतं. चौथ्या वाटीला बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आमच्या बाईची आठवण ऐकून आलं असेल. पोटातून आलं होतं.

तेवढ्यात आतून घंटा वाजली. माणसं आत जायला लागली. सूनबाई हातात पळी घेऊन उभी.

"चल," मुलगा म्हणाला, "निकाल सांगतायत."

"सवाष्ण पानावर आहे. मी कशी जाऊ?"

"अगं नाव पुकारतील! बोलणाऱ्यांनी आत बसलंच पाहिजे, सकाळी सांगितलंय त्यांनी."

"बाबा, काय करू?"

मी म्हटलं, "मला काय विचारतेस, जा की." पण ती जाईना. गणिताचं तिला कळत होतं, आणि हेही तिला कळत होतं. दोन्हीकडून पक्की. एक पोरगा बिल्ला लावून धावत बाहेर आला, तिच्याकडे बघून हात हलवायला लागला. आणि बाई घाबरून आणखी भराभर खायला लागल्या, म्हणजे ताट आणखी लवकर रिकामं. मी सवयीने म्हणालो, "वाढ." सूनबाईने वाढलं. मुलाने स्वतःच्या डोक्यावर हात मारला.

मग तोच बाईंच्या पुढे गुडघ्यावर बसला आणि हळू आवाजात जपानीत बोलला. नंतर त्याने सांगितलं, काय म्हणाला ते. "सेन्सेई, कृपा करून एक वडा ताटात सोडा. नाहीतर हे दोघं तुम्हाला संध्याकाळपर्यंत उठू देणार नाहीत."

बाईंनी त्याच्याकडे, मग ताटाकडे बघितलं. चोरी करायला सांगितल्यासारखा चेहरा झाला. शेवटी एक वडा अर्धा खाऊन ताटात ठेवला, माझ्यापुढे तीन-चारदा वाकल्या, आणि उठल्या. सूनबाईने त्यांना वाकून नमस्कार केला, पळी माझ्या हातात दिली, आणि तिघंही धावत सुटले. बाई कपाळावर कुंकू घेऊन, ओटीचं नाशी छातीशी धरून, कोटाची बटणं उघडी.

मी एकटा उरलो. पळी, डबे, आणि ताटात अर्धा वडा.

इकडे रस्त्यावर कचऱ्याचा डबा नसतो. घरी नेऊन ओला वेगळा, सुका वेगळा करायचा. गवतात टाकावा तर कावळे चार पावलांवर येऊन बसलेले. इकडचे कावळे कोंबडीएवढे, त्यांना कोणी बोलवावं लागत नाही. एक घास मी त्यांच्या नावाचा आधीच ठेवला होता, तो त्यांनी बाईंनी हात जोडायच्या आत उचलला होता.

आमच्याकडे बाई नवऱ्याच्या ताटात जेवायची. माझी बायको माझ्या ताटात जेवली, इतकी वर्षं, मी टाकलेलं, चिवडलेलं, कढी कालवून ठेवलेलं. तिच्या ताटातलं मी कधी काही खाल्लं नव्हतं. तसं कोणी करतच नव्हतं. आज त्या ताटावर बसल्या होत्या मास्तरीणबाई, पण ते पान तिचं होतं. मी तो अर्धा वडा उचलला आणि खाल्ला. गार झाला होता. मीठ बरोबर होतं.

आतून टाळ्या ऐकू आल्या. थांबल्या. पुन्हा आल्या, जास्त वेळ. कोणाला, ते बाहेरून काय कळणार? मी ताट कागदाने पुसलं, डब्यांची झाकणं लावली. झाकणं कशाला कोणती, यात वेळ गेला.

पहिला मुलगा आला. रडत होता. मला वाटलं, गेलं. मग मागून ती आली, दोन्ही हातांत एक मोठं पाकीट आडवं धरून, तापलेलं भांडं धरावं तसं. बाई तिच्या मागे. कुंकू घामाने नाकापर्यंत उतरलं होतं, कोणी पुसलं नव्हतं.

"मिळालं?" मी विचारलं.

"मिळालं, बाबा."

"मग?"

ती बाकावर माझ्या शेजारी बसली. पाकीट मांडीवर ठेवून म्हणाली, "शिष्यवृत्ती इथल्याच विद्यापीठाची, त्सुकुबाची. एप्रिलपासून मला सकाळी फार लवकर निघावं लागेल. यायला अंधार होईल. दिवसभर तुम्ही एकटे... तुमचं जेवण, तुमची औषधं. तुम्ही नको म्हणालात तर मी अजून त्यांना..."

"मी नको म्हणालो का?"

"नाही."

"मग गप्प बस. घरी जाऊन मला भात लावायला शिकव."

मुलगा नाक पुसत म्हणाला, "बाबा, कुकर आहे. नुसतं बटण दाबायचं असतं."

"मग तुला का येत नाही?" सूनबाई त्याला म्हणाली.

एप्रिलमध्ये ती जायला लागली. पहिल्या दिवशी मी बटण बरोबर दाबलं, पाणी जास्त झालं. आयुष्यभर पाणी सोडून एवढं कळलं नाही. तसाच खाल्ला, कढी घालून, खिडकीपाशी बसून. तिसऱ्या दिवसापासून भात बरा व्हायला लागला. बोलायला कोणी नसतं. संध्याकाळी ती दमून येते, पण जेवताना त्या दिवशी काय शिकली ते सांगते. त्यातलं मला अर्धं कळतं, कधी अर्धंही नाही. मी मध्ये प्रश्न विचारतो. ती लिहून घेते.